पाणी, उदक आणि बुरशीचे कोडॉन

पाणी, जल, नीर, उदक. अर्थ एकच. पण बोलता बोलता कुणी 'जरा उदक द्या' म्हणाले, तर ऐकणारा थबकतो. शब्द कळतो, फक्त कळायला किंचित वेळ लागतो. बुरशीच्या पेशीतही असे थबकणे चालते, आणि तिथे ते चक्क कामाला येते.

जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची. या शब्दांना कोडॉन म्हणतात. एकूण कोडॉन 64; त्यांतले 3 'इथे थांबा' एवढेच सांगतात, उरलेले 61 मिळून 20 अमिनो आम्लांसाठी वापरले जातात. म्हणजे समानार्थी शब्दांची चंगळच. एकट्या ल्युसीनला 6 कोडॉन आहेत. जनुकाची नक्कल म्हणजे आरएनए; त्यावरचा हा मजकूर वाचत रायबोसोम हे पेशीतले यंत्र प्रथिनाची साखळी गुंफते आणि त्याला एकेक अमिनो आम्ल आणून देतात टीआरएनए. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिच्यात टीआरएनए 42 प्रकारचे असतात, पण सगळे सारख्या संख्येने नसतात. ज्या कोडॉनचा टीआरएनए मुबलक, तो झटकन वाचला जातो. ज्याचा दुर्मीळ, तिथे रायबोसोम रेंगाळतो.

संथ कोडॉन म्हणजे नुसती अडगळ, असे बरीच वर्षे मानले गेले. त्याला कारणही होते. संथ कोडॉनांनी भरलेला आरएनए यीस्टमध्ये लवकर नष्ट होतो, त्यामुळे प्रथिनही कमी बनते. मग प्रयोगशाळेत भरपूर प्रथिन हवे असले की जनुकातले सगळे कोडॉन बदलून वेगवान करायचे, अशी रीत पडली. पेशीरसात मोकळ्या फिरणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत ती बऱ्याचदा फळतेही.

पेशीपटलात राहणाऱ्या प्रथिनांचे मात्र वेगळे. अन्नकण आत घेणारी, प्रोटॉन बाहेर ढकलणारी, बुरशीनाशक औषध पेशीबाहेर फेकणारी प्रथिने ती हीच. त्यांच्या साखळीत साधारण 20 अमिनो आम्लांचे, पाण्याशी वैर असलेले तुकडे असतात. असा तुकडा पाणथळ पेशीरसात उघडा पडला, की प्रथिनांच्या गुठळ्या होतात. म्हणून साखळी गुंफणे चालू असतानाच तिला पटलात रोवावे लागते. 'सिग्नल रेकग्निशन पार्टिकल' नावाचा कण तो पहिला तुकडा बाहेर डोकावताच पकडतो आणि अख्ख्या रायबोसोमलाच आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलाशी नेऊन भिडवतो. रायबोसोमांच्या मानाने हे कण फार थोडे. त्यांना रायबोसोम गाठायला सवड हवी.

ती सवड कुठून येते, याचे एक उत्तर 2014 मध्ये जीवशास्त्रज्ञ जुडिथ फ्रिडमन यांच्या गटाला यीस्टमध्ये सापडले. कणाने ओळखायचा तुकडा जिथे लिहिलेला असतो, त्याच्या पुढे 35 ते 40 कोडॉनांवर संथ कोडॉनांचा पुंजका आढळतो. तुकड्यातच का नाही? कारण रायबोसोममध्ये एक बोगदा आहे आणि नुकतीच गुंफलेली 30-40 अमिनो आम्ले त्यातच दडलेली असतात. तुकडा बोगद्यातून बाहेर येतो तेव्हा वाचन बरेच पुढे गेलेले असते, आणि पाय ओढायची गरज नेमकी तिथेच असते. मला या शोधातला हा हिशेब सर्वांत देखणा वाटतो.

न्यूरोस्पोरा या बुरशीने हाच धडा दुसऱ्या रीतीने दिला. तिच्या जैविक घड्याळातले एफआरक्यू हे प्रथिन पटलातले नव्हे, पण त्याच्या जनुकात संथ कोडॉन भरपूर आहेत. 2013 मध्ये संशोधक यी लिऊ यांच्या गटाने ते बदलून वेगवान केले. प्रथिन वाढले आणि घड्याळ बिघडले! घाईत बनलेल्या साखळीची घडी नीट बसली नव्हती. आता काही संशोधक परके जनुक बुरशीत घालताना सरसकट वेग वाढवत नाहीत. मूळ जीवात जिथे वाचन मंदावत होते, तिथे नव्या घरीही मंदावेल असे कोडॉन निवडतात.

पटलप्रथिनांच्या लिपीत आणखी एक गंमत आहे. आरएनएची अक्षरे चार: ए, यू, जी, सी. ज्या कोडॉनचे मधले अक्षर 'यू', असे 16 कोडॉन. त्यांतून येणारी फिनाइलअॅलानीन, ल्युसीन, आयसोल्युसीन, मेथिओनीन, व्हॅलीन ही पाचही आम्ले पाण्याला टाळणारी. साहजिकच पटलप्रथिनांच्या आरएनएमध्ये 'यू' जास्त दिसतो. कॅन्डिडा अल्बिकान्स ही बुरशी मात्र इथेही वाकड्यात शिरते. सीयूजी हा कोडॉन बहुतेक जीवांत ल्युसीनचा. ती तो बहुतांशी सेरीन म्हणून वाचते, आणि सेरीनला पाणी आवडते. तिचे औषध बाहेर फेकणारे प्रथिन यीस्टमध्ये बनवून अभ्यासायचे असेल, तर वेगाचा विचार नंतर. आधी हे सीयूजी शोधून बदलावे लागतात.