मिशनऱ्यांची भाषाध्ययनपूर्व तयारी (सातारा-सांगली प्रदेश)

मिशनऱ्यांची भाषाध्ययनपूर्व तयारी : परदेशातील मिशन-मंडळाने निवड केल्यापासून पंडिताकडे मराठीचा नियमित अभ्यास सुरू होईपर्यंत तरुण मिशनऱ्याचे शिक्षण, प्रवास व उमेदवारी यांत जाणारा काळ. प्रस्तुत नोंद सातारा व सांगली या आजच्या जिल्ह्यांपुरती मर्यादित आहे. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात सांगली, मिरज, जत ही स्वतंत्र संस्थाने होती आणि मिशनांच्या कार्यक्षेत्रांची वाटणीही त्यानुसार झाली. उत्तरेकडे अमेरिकन मराठी मिशन, तर दक्षिणेकडे कोल्हापूरशी निगडित प्रेसबिटेरियन मिशन काम करीत होते.

मायदेशातील तयारी मुख्यतः धर्मशास्त्राची असे. अँडोव्हर, प्रिन्स्टन यांसारख्या अमेरिकेतील धर्मशास्त्र-विद्यालयांत उमेदवार ग्रीक व हिब्रू शिकत. मराठीचा संबंध येत नसे. व्याकरणाची ही शिस्त पुढे कामी आली. विभक्तिप्रत्यय आणि धातूंची रूपे पाठ करणे त्यांना जड गेले नाही, कान तयार व्हायला मात्र वेळ लागला. जहाजावर चाळायला पुस्तके होती, पण थोडी. मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला निघाला. कोशातील मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. कॅरींचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा होते. श्रीरामपूरच्या मराठीवर नागपूरकडच्या बोलीची छाया आहे आणि पश्चिम महाराष्ट्रात ती परकी वाटे, असे सामान्यतः मानले जाते. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. या कोशाची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. तो पुणे व कोकण भागांतील पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला असल्याने साताऱ्याच्या वाचकाला त्यातील शब्द ओळखीचे वाटतात.

प्रवास हाच तयारीचा सर्वांत लांब टप्पा होता. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले आणि कलकत्त्यातून कंपनी सरकारने परत धाडण्याचा हुकूम काढल्यावर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. तो खटाटोप वगळला, तरी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास साधारणतः चार-पाच महिने लागत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हा काळ आठवड्यांवर आला. याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही : जहाजावर लिपी गिरवण्यास मिळणारा निवांत वेळही त्याबरोबर गेला.

मुंबईहून साताऱ्याकडे येण्याचे दोन मार्ग होते. एक जलमार्गाने नागोठणे किंवा सावित्री नदीतून महाडच्या बाजूस येऊन घाट चढण्याचा, दुसरा पुण्यावरून. भोर घाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यावर दुसऱ्या मार्गाची सोय वाढली. १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज मीटरगेज मार्ग झाला आणि महाबळेश्वर-पाचगणीस जाणाऱ्यांसाठी वाठार हे उतरण्याचे स्थानक ठरले. तेथे पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या आणि औषधांची पेटी टांग्यात चढवायची, वाईस कृष्णेकाठी थांबायचे आणि पसरणीचा घाट चढायचा. हमालाशी मजुरी ठरवणे, घोडे बदलेपर्यंत टांगेवाल्याशी बोलणे, पाणी मागणे यांतच नवागताचे पहिले मराठी उच्चार झाले असावेत.

साताऱ्यात या परंपरेचा आरंभ केव्हापासून धरावा याबद्दल दोन मते आहेत. पहिले मत १८३४ हे वर्ष देते. त्या सुमारास अमेरिकन मिशनऱ्यांनी महाबळेश्वरी शाळा काढली आणि ॲलन ग्रेव्हज यांचे वास्तव्यही तेथे होते. ग्रेव्हज १८१८ च्या सुमारास मुंबईस आले. प्रकृतीच्या कारणाने ते डोंगरावर राहिले आणि १८४३ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या पत्नीने शाळेचे काम पुढे दीर्घकाळ चालवले. दुसरे मत १८४९ पासून, म्हणजे सातारा शहरात कायमचे ठाणे झाल्यापासून, गणना करते. साताऱ्याचे छत्रपती शहाजी १८४८ मध्ये वारले, त्यांचे दत्तविधान नामंजूर करून डलहौसीने संस्थान खालसा केले. मिशनचे ठाणे लगेच पुढच्या वर्षी उभे राहिले हा योगायोग नसावा.

दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महाबळेश्वर हे मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास वसलेले हवा खाण्याचे ठिकाण. तेथे पावसाळ्यात टिकून राहणे फार कठीण. जून लागला की बंगल्यांना गवताचे झाप बांधून मंडळी खाली उतरत. भाषा शिकायला बारमाही वस्ती, बाजार, चावडी आणि रोज येणारा पंडित लागतो. तो साताऱ्यात मिळत होता. पहिल्या मताच्या बाजूने एवढे मान्य करावे लागते की हवापाण्याची सवय होणे हा तयारीचाच भाग होता आणि तो डोंगरावर आधी सुरू झाला. तुलनेसाठी कोकणातील उदाहरण उपयोगी आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट येथे स्कॉटिश मिशनचे ठाणे १८२३ च्या सुमाराचे. १८२९ मध्ये मुंबईस आलेले जॉन विल्सन भाषेसाठी जवळच्या हर्णै येथे जाऊन राहिले व काही महिन्यांतच मराठीत प्रवचन करू लागले.

सातारा ठाण्याशी संबंध असलेल्यांत एबेनेझर बर्जेस यांचे नाव विशेष महत्त्वाचे आहे. १८३९ मध्ये ते अहमदनगरला आले, नंतर साताऱ्यात होते. त्यांचे मराठी व्याकरण १८५४ चे. शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक तयार करताना ते भारतीय खगोलशास्त्राकडे वळले आणि पुढे १८६० मध्ये सूर्यसिद्धान्त या प्राचीन संस्कृत ज्योतिषग्रंथाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. भाषेच्या तयारीतून शास्त्राच्या अभ्यासात गेलेला इतका मोठा माणूस या प्रदेशात दुसरा आढळत नाही.

थंडीच्या दिवसांतील दौरा हा उमेदवारीचा गाभा. ज्येष्ठ मिशनरी, एक-दोन देशी उपदेशक, राहुट्या आणि बैलगाड्या असा लवाजमा गावोगाव फिरे आणि नवागत बहुधा मुका साक्षीदार म्हणून बरोबर असे. दौऱ्यात धोकाही होता. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडील फिरतीवर कॉलऱ्याने वारले. कानावर पडणारी भाषा दोन प्रकारची होती. पंडिताने शिकवलेले ‘होते’ आणि कराडच्या बाजारात ऐकू येणारे ‘व्हतं’ यांचा मेळ नवख्याला पटकन बसत नसे. त्याहून कठीण आदरार्थी बोलणे. आचारी आणि गाडीवान यांच्याशी बोलून सवयीचा झालेला ‘तू’ घेऊन चावडीवर पाटलासमोर उभे राहिले, की पुढचे सारे बोलणे वाया गेलेच. अशा जागी सांभाळून घेणारे देशी उपदेशक व घरकाम करणाऱ्या बाया हेच खरे पहिले शिक्षक. त्यांची नावे अहवालांत क्वचितच येतात, आणि या विषयाच्या इतिहासात हा अन्याय ठळकपणे नोंदवला पाहिजे.

सांगलीकडे चित्र वेगळे होते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले काम १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. सांगलीचे ठाणे १८८४ चे. वैद्यकीय मिशनऱ्यांना तयारीसाठी सलग वेळ मिळत नसे. डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ च्या अखेरीस आले, सांगलीत दवाखाना काढला आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. दुखते कुठे, कधीपासून, हे रुग्णाला विचारता आल्यावाचून डॉक्टरचे काम सुरूच होत नाही. त्यात मिरज-जतकडे कानडी बोलणारे रुग्णही येत.

विसाव्या शतकात ही उमेदवारी अधिक नियमबद्ध झाली. महाबळेश्वरी उन्हाळ्यात वेगवेगळ्या मिशनांचे नवे लोक एकत्र येऊन भाषावर्ग भरू लागले. बहुतेक मिशनांत पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा असत. विदर्भासारख्या दूरच्या भागांतील मिशनरीही या वर्गांना येत, त्यामुळे डोंगरावरील मराठी पुष्कळांची पहिली मराठी ठरली. याच काळात, १९१७ मध्ये, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक साताऱ्यास आले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा स्थापन केला.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि वर्गही मागे पडले. मराठी शिकणाऱ्या परदेशीयांसाठी सातारा जिल्ह्यात पुढे झालेले मोठे काम मिशनच्या बाहेरचे आहे. अमेरिकन भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन १९६६ पासून फलटणला राहिल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठीची पाठ्यपुस्तके व संदर्भ-व्याकरण तयार केले. फलटणच्या बोलण्यातील भेदांवर त्यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास प्रबंध सादर केला.