रोमची लांडगीण अडीच हजार वर्षं जुनी? नाही!

दंतकथेनुसार रोम वसवणाऱ्या रोम्युलस-रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी रोमची ब्राँझची लांडगीण इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली, एट्रुस्कन (रोमनांआधीच्या इटलीतल्या) कारागिरांची, असं अजूनही सर्रास छापलं जातं. हे आता थांबायला हवं.

इ.स.पू. ६५ मध्ये वीज पडलेल्या एका लांडगिणीच्या मूर्तीबद्दल रोमन वक्ता सिसेरोने लिहून ठेवलंय. या मूर्तीच्या पायांवरच्या खुणा त्याच विजेच्या, असं लोक धरून चालले. पण १९९७ पासूनच्या जतनकामात जतनतज्ज्ञ अन्ना मारिया कारुबा यांच्या लक्षात आलं, की सगळी मूर्ती एकसंध ओतलेली आहे. प्राचीन कारागीर एवढं मोठं ब्राँझ तुकड्यांत ओतून मग सांधत. सलग ओतकाम ही मध्ययुगातली रीत, घंटा ओतणाऱ्यांची. पुढे आतल्या मातीच्या गाभ्यातल्या सेंद्रिय अवशेषांची कार्बन चाचणी झाली, तीही अकराव्या-बाराव्या शतकाकडे बोट दाखवते. काही अभ्यासकांना हे आजही मान्य नाही. मला मात्र ओतकामाचा पुरावा निर्णायक वाटतो.

खालची बाळं तर पंधराव्या शतकात बसवलेली. त्यामुळे मुसोलिनीच्या राजवटीत अमेरिकेतल्या सिनसिनाटीला आणि तिथल्याच जॉर्जिया राज्यातल्या रोम शहराला प्राचीन रोमचा वारसा म्हणून भेट गेलेल्या प्रतिकृती खरं तर मध्ययुगीन लांडगिणीच्या आणि प्रबोधनकाळातल्या बाळांच्या आहेत.