वेणीचं टोक तांबूस का होतं?

दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव असो की मुलुंड-चेंबूरचे तलाव, वर्षभर बॅचला येणाऱ्या लांब केसांच्या मुली लगेच ओळखू येतात. मुळाशी काळेभोर केस आणि वेणीच्या टोकाला तांबूस, राठ झुबका. घरी आई-आजी उन्हाला बोल लावतात. ऊन थोडंफार जबाबदार असतंच, पण मुख्य आरोपी पाण्यात आहे.

तलावात क्लोरीनयुक्त रसायन टाकलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. लिटरमागे साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन जंतू मारायला पुरतो. मात्र जंतूंची प्रथिनं कुठली आणि केसातलं केराटिन कुठलं, हे त्या आम्लाला कळत नाही. केराटिनच्या साखळ्या बांधून ठेवणारे गंधकाचे बंध ते तोडतं, वर केसाला काळेपण देणारं मेलॅनिनही खातं. जपानमधल्या अव्वल जलतरणपटूंच्या केसांची पाहणी 2000 साली प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे 60 टक्के जणांच्या केसांचा रंग उडालेला होता. न पोहणाऱ्यांच्या गटात असं एकाचंही झालेलं नव्हतं. आधी पाण्याच्या घर्षणाने केसावरचे खवले झिजतात आणि मग आम्ल आत शिरतं, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष.

हे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्यावर पाणी झटकणारा एक अतिपातळ स्निग्ध थर असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 60 सेंटिमीटरच्या वेणीचं टोक पाच वर्षांचं झालं! पाच वर्षांचे शाम्पू, फण्या, ऊन आणि लोकलच्या गर्दीतली ओढाताण सोसून तिथला स्निग्ध थर केव्हाच गेलेला असतो. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव, त्यामुळे झीज भरून निघत नाही. म्हणून सगळी मेहनत शेवटच्या वीतभर केसांवर घ्यावी. टाळूजवळचे केस तसे तरुण असतात.

खोबरेल तेलाचा इथे खरंच उपयोग आहे. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना मुंबईतल्याच मॅरिकोच्या संशोधन विभागाने 2003 मध्ये प्रसिद्ध केली. केसातून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. (कंपनी खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं.) कारण मात्र पटण्याजोगं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, त्यामुळे केस पाण्याने कमी फुगतो. पण तेल चोपडून तलावात उतरू नका. तेल पाण्यावर तरंगतं, फिल्टरमध्ये अडकतं, आणि जीवरक्षक ओरडतो ते वेगळंच. आदल्या रात्री शेंड्यांना थोडंसं जिरवलं की झालं.

केस कोरडेच टोपीत कोंबणं ही नेहमीची चूक. कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के पाणी पितो. ते पाणी शॉवरचं असेल तर तलावाचं पाणी सावकाश शिरतं. थांबत नाही, एवढं खरं. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो, पण बराच कमी. शिवाय शॉवरने घाम धुऊन जातो. तलावाचा तो उग्र वास मुळात क्लोरीनचा नसतोच. घाम आणि लघवीशी संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो.

मग सैल वेणी घालून टोक आत दुमडायचं आणि वर सिलिकॉनची टोपी. टोपीत पाणी जातंच, पण वाहत्या पाण्याचं घर्षण टळतं, आणि तेच महत्त्वाचं.

बाहेर आल्यावर ओल्या केसांचा अंबाडा घालून तसंच स्टेशन गाठू नका. आधी तिथेच केस भरपूर पाण्याने धुवा. ओला केस सहज ताणला जातो आणि तुटतो, म्हणून कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या फणीने, शेंड्यांकडून वर विंचरा. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार वाढतो आणि कंडिशनरचे रेणू धनभारित असतात. त्यामुळे जिथे झीज जास्त तिथे ते जास्त चिकटतात.

पिकलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर कधी हिरवट झाक येते. ती शेवाळनाशकातल्या किंवा पाइपमधल्या तांब्याची. साध्या शाम्पूने ती सहसा जात नाही. धातू बांधून ठेवणारा, ‘चिलेटिंग’ लिहिलेला शाम्पू त्यासाठी मिळतो.