शेतकरी सहकारी संस्थेकडून न्याय्य कॉफीखरेदी (पुणे)

शेतकऱ्याला फळाच्या किलोमागे किती मिळाले हे उघड ठेवून सहकारी संस्थेकडून स्पेशालिटी दर्जाची (चवीच्या चाचणीत शंभरपैकी ८० किंवा अधिक गुणांची) कच्ची, म्हणजे न भाजलेली, कॉफी घेण्याची पद्धत. पुण्यातल्या रोस्टरांकडे, म्हणजे कॉफी भाजणाऱ्यांकडे, हा माल चिक्कमगळूर, कोडगू आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्यातून येतो. अराकूच्या अरेबिका जातीच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी लहान; फळ एकत्र करून गर काढणे, धुणे, वाळवणे संस्थेमार्फतच परवडते.

हिशेब फळापासून मांडावा. साधारण ६ किलो पिकल्या फळांतून १ किलो कच्ची बी निघते आणि भाजताना सुमारे १५ टक्के घट येते. म्हणजे कोथरूडच्या दुकानातल्या २५० ग्रॅमच्या पुड्यामागे पावणेदोन किलो फळ असते. फळाला किलोमागे ६० रुपये धरले, तर त्या पुड्यात शेतकऱ्याचा वाटा १०५ रुपयांच्या आसपास. हा आकडा न सांगता नुसते ‘थेट शेतातून’ छापणे ही जाहिरात झाली.

भावाइतकीच पैशाची वेळ महत्त्वाची. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. फळ एकदम पिकत नाही, म्हणून लाल तेवढेच वेचत तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. मजुरी मात्र आठवड्याला द्यावी लागते. तोडणीपूर्वी उचल मिळाली नाही, की हिरवे-लाल एकत्र ओरबाडून फळ दलालाकडे जाते आणि कॉफीच्या कपात कच्चा तुरटपणा उतरतो.

दर्जा तपासायला कच्च्या बियांचा नमुना ३५० ग्रॅमचा घेतात. त्यात पूर्ण काळी, आंबलेली किंवा बुरशीची एकही बी चालत नाही. किरकोळ दोष पाचपर्यंत. कपिंगला, म्हणजे चवीच्या चाचणीला, १५० मिलिलिटर पाण्यात ८.२५ ग्रॅम कॉफी. ८० गुणांखालचा माल स्पेशालिटी नव्हे.

करारात ‘चेरी’ शब्द जपून वापरावा. भारतीय बाजारात चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी, धुतलेली ती पार्चमेंट. नवखा खरेदीदार ‘चेरी’ला ताजे फळ समजतो आणि भावातच घोळ होतो.

माल मेअखेर पुण्यात पोचलेला बरा. ओलावा १० ते १२ टक्के हवा. पावसाळ्यात उघड्या गोणपाटातली बी दमट हवा ओढते, फिकी पडते, चवीला तागाचा वास येतो. पोत्यात हवाबंद अस्तर, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. ओलाव्यावरून वाद होतोच. त्यासाठी माल निघतानाच ओलावा मोजून, दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना दोन्हीकडे ठेवतात. ते केले नसेल, तर पुण्याच्या गोदामात वाढलेल्या ओलाव्याची कपात संस्थेच्या बिलातून होते.