साठीनंतरची सुपारी

रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या दौऱ्याला पैसे लावले होते एएआरपीने. ही अमेरिकेतली पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. निवृत्ती, आरोग्यविमा, औषधांचा खर्च हे तिचे विषय. बँडचा गायक मिक जॅगर तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. विनोद व्हायचे ते झालेच. पण याच बँडने १९८१ च्या दौऱ्यासाठी जोव्हान या अत्तराच्या कंपनीला प्रायोजक म्हणून घेतलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. रॉकवाल्याने कंपनीचा पैसा घ्यायचा म्हणजे बाटण्यासारखंच होतं.

अत्तरापासून औषधांपर्यंतच्या या त्रेचाळीस वर्षांतच 'हे अजून गातात ते कलेसाठी की पैशासाठी' हा प्रश्न मोठा झाला. त्याआधी तो कोण विचारणार? रॉकमध्ये म्हातारं कुणी नव्हतंच.

साठच्या दशकात खरी कमाई तबकड्यांची होती आणि दौरा म्हणजे तबकडीची जाहिरात. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला आणि दौऱ्यांना रामराम ठोकला. त्यांचं बरंचसं उत्तम काम त्यानंतर स्टुडिओत बसून झालं, आणि पैसाही आला. आज कुठल्याही नव्या बँडला ही चैन परवडणार नाही.

स्टोन्सचं गणित मात्र तेव्हाच बिघडलं होतं. साठच्या दशकातल्या त्यांच्या गाण्यांचे हक्क व्यवस्थापक अॅलन क्लाइनच्या कंपनीकडे गेले ते गेलेच. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या कराला कंटाळून मंडळींनी थेट फ्रान्स गाठलं. हिशेब सांभाळायला त्याआधीच आला होता रूपर्ट लोवेनस्टाइन नावाचा बँकर. जुन्या गाण्यांचं दूध दुसऱ्याच्या घरी जात असेल तर ती गाणी स्वतः रंगमंचावर म्हणून पैसे मिळवायचे, एवढाच मार्ग उरतो. १९८९ मध्ये मायकेल कोल या कॅनेडियन आयोजकाने त्याचा पक्का धंदा केला. तोवर प्रत्येक शहरात वेगळा ठेकेदार असे. कोलने तिकिटं, टी-शर्ट, प्रायोजक यांसह अख्खा दौराच एकरकमी उचलला. तमाशाच्या फडाला गावोगावी सुपारी मिळते. इथे सगळ्या गावांची सुपारी एकानेच दिली. आजचे मोठे दौरे याच वाटेने चालतात. ७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हा जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोघेही एकोणसाठचे होते. आपल्याला ते तेव्हाच म्हातारे वाटले होते!

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीला मात्र पुढचं दिसलं होतं. १९९७ मध्ये त्याने जुन्या अल्बमांच्या येणाऱ्या मानधनावर रोखे काढले: ५.५ कोटी डॉलर, मुदत दहा वर्षं, व्याज ७.९ टक्के. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने ते सगळे घेतले. २००२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'शी बोलताना तो म्हणाला की संगीत नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होईल आणि कलावंतांना खूप दौरे करावे लागतील. अमेरिकेतली तबकड्या-सीडींची विक्री १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलरवर पोचून तेव्हा घसरणीला लागली होती. बोवीच्याच रोख्यांची पत २००४ मध्ये गुंतवणुकीयोग्य मानल्या जाणाऱ्या शेवटच्या पायरीवर घसरली, तरी पैसे मुदतीत फिटले. पुढे बॉब डिलनने २०२० मध्ये आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क विकले. सातबारा विकून मोकळं व्हावं तसं.

हे सगळं वाचून 'म्हणजे पैशासाठीच' असा निकाल देणाऱ्याने लेनर्ड कोहेनकडे बघावं.

माँट्रियलचा हा कवी-गायक १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन बौद्ध मठात जाऊन राहिला आणि रीतसर भिक्षू झाला. १९९९ मध्ये तो मठ सोडून आला तो मुंबईत. दक्षिण मुंबईतल्या आपल्या घरी रमेश बाळसेकर सकाळी अद्वैतावर बोलत. कोहेन त्या खोलीत इतरांबरोबर बसून ऐके. बाळसेकर बँक ऑफ इंडियातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. खेतवाडीत राहणाऱ्या, विडीचं दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यांनी इंग्रजीत नेली होती. म्हणजे खेतवाडीतल्या मराठीचा धागा असा कोहेनपर्यंत पोचला. तो केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात महिनोन् महिने राही, ब्रीच कँडीला पोहायला जाई. पुढेही तो येत राहिला. अनेक वर्षांचं नैराश्य याच काळात ओसरलं, असं तो सांगत असे.

आणि मग २००४ मध्ये त्याच्या मुलीच्या कानावर कुणीतरी घातलं, की वडिलांच्या खात्यांकडे बघा. म्हातारपणासाठी ठेवलेले सुमारे ५० लाख डॉलर होते. उरले होते दीड लाखाच्या आसपास. बाकीचे त्याच्या व्यवस्थापिकेने लांबवले होते. २००६ मध्ये न्यायालयाने ९० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, पण ती कागदावरच राहिली. कोहेन तेव्हा एक्काहत्तरचा होता. त्याआधीचा शेवटचा दौरा १९९३ चा.

११ मे २००८ ला कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या एका छोट्या नाट्यगृहात तो पुन्हा उभा राहिला. लहान गावापासून सुरुवात, कारण लोक येतील याची खात्री नव्हती. सूट, डोक्यावर फेडोरा हॅट. सहकाऱ्याचं वादन चालू असताना ती हॅट काढून छातीशी धरायची. गाताना गुडघे टेकायचे. कार्यक्रम तीन-तीन तास, आणि शेवटी विंगेत जायचं ते उड्या मारत. लंडनला तो म्हणाला, मागच्या वेळी मी इथे होतो तेव्हा साठीचा होतो, डोक्यात वेडं स्वप्न घेऊन फिरणारा पोरगाच. २०१० अखेरपर्यंत सुमारे अडीचशे कार्यक्रम झाले. गेलेले पैसे भरून निघाले, वर उरलेही. तरी २०१२ मध्ये तो पुन्हा निघाला, आणि त्या दौऱ्याला चोरीचं कारण देता येत नाही. शेवटचा कार्यक्रम २१ डिसेंबर २०१३ ला ऑकलंडमध्ये झाला.

या दौऱ्यांमधून आणि त्यांच्यानंतर तीन अल्बम आले. तिसरा, 'यू वॉन्ट इट डार्कर', करताना पाठीचं दुखणं इतकं वाढलं होतं, की त्याने घरातच, खास वैद्यकीय खुर्चीत बसून गाणी म्हटली. मुलगा अॅडम ध्वनिमुद्रण सांभाळत होता. शीर्षकगीतात मागून ऐकू येतं ते माँट्रियलच्या त्यांच्या घराण्याच्या सिनेगॉगमधलं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातलं, गायकवृंद. अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ ला आला, ७ नोव्हेंबरला कोहेन गेला. जानेवारी २०१८ मध्ये त्या शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं, 'सर्वोत्तम रॉक सादरीकरण' या गटात.