ध्रुवावरच्या ढगांची नोंद आणि तिच्यामागचा पैसा

ध्रुवावर ढग ओळखणे उपग्रहाला जड जाते, कारण खाली बर्फ पांढरा आणि वर ढगही पांढरा. तापमानावरून ओळखावे, तर तिथे नेहमीचा नियम उलटतो. हिवाळ्यात बर्फालगतची हवाच सर्वांत थंड असते, त्यामुळे ढग पुष्कळदा बर्फापेक्षा उबदार भरतो. उजेडात १.६ मायक्रॉन तरंगलांबी कामी येते: तिथे बर्फ काळपट आणि थेंबांचा ढग उजळ दिसतो. पण ध्रुवीय रात्रीत तीही निरुपयोगी. मग स्वतःच किरण सोडून परत येणारा प्रतिसाद मोजणारे लिडार (लेसर प्रकाशाचे) किंवा रडार (रेडिओलहरींचे) लागते, आणि खर्च तिथेच वाढतो.

१९७८ च्या निंबस-७ उपग्रहावरील सॅम-२ उपकरणाने उगवत्या-मावळत्या सूर्याचा प्रकाश वातावरणातून कसा मंदावतो ते मोजले आणि हिवाळी स्थितांबरात, म्हणजे नेहमीच्या ढगांच्या थराच्या वरच्या वातावरणात, ढग नेहमीचे आहेत हे दाखवून दिले. १९८५ मध्ये ओझोन छिद्राचा शोध प्रसिद्ध झाला. उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास बनणाऱ्या याच ढगांच्या कणांवर क्लोरीन सक्रिय होतो हे पुढे कळले, आणि या ढगांचे महत्त्व एकदम वाढले.

२८ एप्रिल २००६ रोजी लिडार असलेला कॅलिप्सो आणि रडार असलेला क्लाउडसॅट हे उपग्रह एकाच रॉकेटवरून गेले. कॅलिप्सोत नासाबरोबर फ्रान्सची अंतराळ संस्था होती, क्लाउडसॅटमध्ये कॅनडाची. दोघांची जोडी आवश्यकच होती: लिडारचा किरण दाट ढगात विझतो, तर ९४ गिगाहर्ट्‌झ रडारला जमिनीच्या प्रतिध्वनीमुळे खालच्या साधारण एक किलोमीटरमधले नीट दिसत नाही. आर्क्टिकचे बरेच ढग नेमके तिथेच असतात.

मंजुरी मात्र तुटपुंज्या मुदतीची होती: कॅलिप्सोला ३ वर्षे, क्लाउडसॅटला २२ महिने. २००७ मध्ये गेलेल्या, सुमारे ८३ किलोमीटर उंचीवरचे ढग टिपणाऱ्या नासाच्या एम या उपग्रहाला २ वर्षे. पुढचे प्रत्येक वर्ष दर दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या आढाव्यात मुदतवाढ मिळवून काढावे लागले. हवामानबदलाला दशकांची नोंद लागते. ती अशी तुकड्या-तुकड्यांनी जमली, हे आम्हाला फार खटकते.

यंत्रेही थकतात. २०११ मध्ये क्लाउडसॅटच्या बॅटरीत बिघाड झाला. त्यानंतर रडार फक्त कक्षेच्या उजेडातल्या भागात चालू राहिले, म्हणजे ध्रुवीय रात्र नोंदीतून गळाली. २०२३ मध्ये एमची बॅटरी संपली आणि त्याच वर्षी कॅलिप्सो व क्लाउडसॅटचीही मोजणी थांबली.

ढगांसाठी लिडार आणि रडार दोन्ही असलेला युरोप-जपानचा अर्थकेअर उपग्रह २००४ मध्ये निवडला गेला आणि २८ मे २०२४ रोजी उडाला. वीस वर्षे! त्याच सुमारास नासाचे प्रीफायर हे दोन छोटे उपग्रह गेले. आर्क्टिकमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जवळपास ६० टक्के भाग १५ मायक्रॉनपलीकडच्या दूर-अवरक्त पट्ट्यात असतो; तो मोजायला त्यांच्यात वेगळ्या शीतकरणाची गरज नसलेले संवेदक आहेत. खर्च कमी राहिला तो त्यामुळेही.

मधली दरी मात्र भरलेली नाही. कॅलिप्सोचा लिडार ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरवर चालायचा, अर्थकेअरचा ३५५ वर चालतो. दोघांनी एकच ढग एकाच वेळी कधी पाहिला नाही. त्यामुळे जुनी मालिका नव्याशी जोडायला जमिनीवरच्या लिडारचा आणि गणिताचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या सांध्यातली चूक आकड्यांत राहते.