जुन्या छायाचित्रांतील पुरुषांच्या हॅट

युरोप-अमेरिकेत १९व्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे पुरुषाला शोभत नसे. म्हणून त्या काळच्या कौटुंबिक आणि कामावरच्या छायाचित्रांत हॅट हमखास सापडते. डोक्यावर नसली तर मांडीवर किंवा हातात असते.

हॅटवरून काळ ठरवताना एक पथ्य पाळावे. छायाचित्र अमुक सालाच्या आधीचे नाही, एवढेच हॅट सांगते. त्यानंतर किती वर्षांनी काढले, हे सांगत नाही. बोलर ही कडक हॅट लंडनमध्ये १८४९ साली तयार झाली, पण तरुणपणी घेतलेली बोलर म्हातारपणीही वापरणारे पुष्कळ होते. गटचित्रात त्यामुळे आधी सर्वांत तरुण माणसाच्या डोक्याकडे पाहावे.

बोलरचा माथा अर्धगोल, फेल्ट (नमदा) लाखेने कडक केलेले. होम्बर्गच्या माथ्यावर मधोमध एकच लांब खळगी असते आणि काठ सगळीकडून वर वळलेला असतो. फेडोराशी तिची गल्लत नेहमी होते. तेव्हा माथ्याची पुढची बाजू पाहावी. तिथे दोन्हीकडून चिमटल्यासारखे खड्डे असतील तर बहुधा फेडोरा. काडाच्या वेणीची, सपाट माथ्याची बोटर साल सांगत नाही, ऋतू सांगते: उन्हाळा. सप्टेंबरच्या मध्यानंतर ती घालणे अमेरिकेत हास्यास्पद ठरे. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये यावरून चक्क दंगल झाली.

कामावरच्या चित्रांत हॅट हुद्दा दाखवते. ब्रिटिश जहाजबांधणीच्या गोद्यांत मजुरांच्या डोक्यावर सपाट कापडी कॅप आणि मुकादमाच्या डोक्यावर बोलर दिसते.

सर्वांत उपयोगी खूण फितीची. पुरुषी हॅटच्या फितीची गाठ घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे. ती डावीकडे दिसली तर चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे असण्याचा संभव मोठा. टिनटाइपमध्ये, म्हणजे लोखंडी पत्र्यावर थेट उतरवलेल्या छायाचित्रात, मूळ पत्राच चित्र असल्याने तसे होतेच. एखाद्याने हॅट मागची पुढे घातलेलीही असू शकते, म्हणून कोटाची बटणे ताडून पाहावीत. पुरुषाच्या कोटाचा डावा भाग वर येतो.

रंगावर मात्र विसंबू नये. छायाचित्रे टिपणाऱ्या जुन्या काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ टिपता येत नसे, त्यामुळे तपकिरी हॅट काळी दिसते आणि निळसर हॅट फिकी पडते.